खाडा : हिमवादळात कामावर निघालेल्या माणसांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" गाळलेत. बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. बाहेर तुफान बर्फ पडतंय, रस्ते बंद होत चाललेत, ट्रेनचा भरवसा नाही. अशा दिवशी कामावर जायचं का?

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोला असलेले आपले श्रोते हा प्रश्न जवळजवळ दर हिवाळ्यात सोडवतात. इथे आपण तो पावसाळ्यात सोडवतो. त्या सकाळी मॅनेजरचा ठरलेला मेसेज येतो : "ऑफिस उघडं आहे. सुरक्षित वाटत असेल तर या." हे वाक्य नीट बघा. त्यात हुकूम नाही आणि सुट्टीही नाही. ठरवायचं तुम्ही, आणि जे होईल तेही तुमचंच.

या वाक्याच्या मागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो समजायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : खाडा. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडून तुम्ही तो ऐकला असेल. खाडा म्हणजे न भरलेला दिवस. त्या दिवसाचे पैसे कापले जातात, आणि वर जरा अपराधीही वाटतं. हा शब्द डोक्यात ठेवा आणि चला १८८८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये.

सोमवार, १२ मार्च १८८८

रविवारी न्यूयॉर्कमध्ये पाऊस होता. हवा तशी मवाळ, मार्च लागलेला, लोकांच्या मते हिवाळा संपलेला. हवामानाचं काम तेव्हा लष्कराच्या सिग्नल सर्व्हिसकडे होतं आणि त्यांचा अंदाज होता की हवा निवळेल. मध्यरात्रीनंतर त्याच पावसाचं बर्फ झालं. सोबत वारा असा, की सकाळी लोकांनी दार उघडलं तर काहींच्या दारासमोर बर्फाची भिंत उभी. शहरात एकूण बर्फ पडलं साधारण २१ इंच, पण वाऱ्याने ते लोटून लोटून जागोजागी माणसाच्या उंचीपेक्षा मोठे ढीग केले. उत्तरेला काही भागांत तर ४० इंचांच्या पुढे पडलं.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे खरं तर गंमत नाही. हे सगळं डोळ्यांनी दिसत असताना हजारो माणसं कामावर निघाली. कारकून, शिवणकाम करणाऱ्या मुली, दुकानांतले विक्रेते, गोदीतले हमाल.

शहरात तेव्हा भुयारी रेल्वे नव्हती. रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम, आणि वर लोखंडी खांबांवरून धावणारी वाफेची उन्नत रेल्वे. ट्राम तर लगेच बंद पडल्या. उन्नत गाड्या थोडा वेळ चालल्या आणि मग मधेच अडकल्या. सुमारे १५,००० माणसं अशा गाड्यांमध्ये हवेत लटकल्यासारखी अडकली होती असं सांगतात. खाली काही हुशार लोक शिड्या घेऊन आले आणि उतरवायचे पैसे घेऊ लागले. सर्ज प्रायसिंग ॲपच्या आधीपासून आहे, मंडळी.

तारा तुटल्या. न्यूयॉर्कहून बॉस्टनला निरोप पाठवायचा तर समुद्राखालच्या केबलने आधी लंडनला, तिथून परत बॉस्टनला. नेटवर्कवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : सरळ रस्ता बंद, म्हणून पॅकेट अर्धं जग फिरून शेजारी पोचतंय.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आणखी एक प्रकार झाला. ब्रुकलिन तेव्हा वेगळं शहर होतं. ब्रुकलिन आणि न्यूयॉर्कच्या मधल्या ईस्ट रिव्हरमध्ये बर्फाचे मोठे तुकडे येऊन अडकले आणि नदीवर एक सलग थर तयार झाला. लोक चक्क त्यावरून चालत पलीकडे निघाले. काही जण मजा म्हणून, काही जण कामाला. मग भरती-ओहोटीचं पाणी फिरलं, थर फुटला, आणि काही माणसं तरंगत्या तुकड्यांवर अडकली. बोटींनी त्यांना उचलून आणावं लागलं.

या वादळात ईशान्य अमेरिकेत ४०० हून जास्त माणसं गेली. त्यातली सुमारे २०० एकट्या न्यूयॉर्क शहरात.

का निघाले?

आपण इतिहास वाचताना चटकन म्हणतो, त्या काळचे लोक कसले कणखर! पण त्या सोमवारचा हिशेब मांडून बघू.

बहुतेक कामगार रोजावर किंवा नगावर काम करत. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे दहा तास. पगारी रजा नाही. बेकारी भत्ता नाही. न सांगता गैरहजर राहिलं तर उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी, कारण रोज जहाजं भरून नवी माणसं बंदरात उतरत होती. आणि फोन करून विचारायची सोय नाही, कारण कामगाराच्या घरात फोन कुठला? कारखाना उघडा आहे की बंद, हे कळायचा एकच मार्ग : तिथपर्यंत चालत जाणं.

म्हणजे त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीसमोर "धाडस की सावधपणा" असा प्रश्नच नव्हता. तिच्यासमोर दोन धोके होते. एक बर्फाचा : वाटेत काही होईल, कदाचित होणारही नाही. दुसरा खाड्याचा : तो होणारच. ज्याचं हातावर पोट आहे, तो कदाचितवाला धोका पत्करतो आणि नक्कीवाला टाळतो. यात कणखरपणा असेलही, पण त्याआधी गणित आहे.

एक विरोधाभास इथेच सांगून टाकतो. वादळ थांबल्यावर शहराला हजारो माणसं लागली, फावड्याने बर्फ उपसून गाड्यांत भरायला आणि नदीत नेऊन टाकायला. त्यात नुकतेच आलेले इटालियन मजूर बरेच होते. ज्या बर्फाने एकाचा रोज बुडवला, त्याच बर्फाने दुसऱ्याला रोज दिला.

एक पुतळा आणि बाकीचे

या वादळाचं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे रॉस्को कॉंकलिंग. न्यूयॉर्कचे माजी सिनेटर, रिपब्लिकन पक्षातलं बडं प्रस्थ, सुप्रीम कोर्टाची जागा नाकारलेला माणूस. तेव्हा ते वकिली करत होते. त्या सोमवारी संध्याकाळी वॉल स्ट्रीटजवळच्या ऑफिसातून ते घरी जायला निघाले. घोडागाडीवाल्याने ५० डॉलर मागितले. सामान्य कामगाराची महिन्याची कमाईही तेव्हा तेवढी नसायची. कॉंकलिंगना ते देणं जड नव्हतं, पण ही लूट आहे म्हणून ते चालत निघाले. युनियन स्क्वेअरमध्ये बर्फाच्या ढिगात रुतले, कसेबसे सुटले, आणि मॅडिसन स्क्वेअरजवळच्या आपल्या क्लबच्या दारात पोचून कोसळले. पुढे आजार बळावला आणि १८ एप्रिलला ते वारले. मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे. कधी गेलात तर बघा.

कॉंकलिंग यांच्याकडे पर्याय होते. पैसे देऊन गाडी करता आली असती, किंवा हॉटेलात रात्र काढता आली असती. ज्यांच्याकडे यातला एकही पर्याय नव्हता, त्या माणसांचे पुतळे नाहीत.

आठवणींचंही तसंच. १९२९ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, त्या वादळातून वाचलेल्यांनी 'ब्लिझर्ड मेन ऑफ १८८८' नावाची संस्था काढली. ते दर वर्षी भेटत, आठवणी सांगत, आणि १९३८ मध्ये त्या आठवणींचं पुस्तकही निघालं. मी कसा गेलो, किती चाललो, कसा पोचलो. अशा आठवणी वाचायला भारी असतात, पण एक गोष्ट विसरू नका : त्या पोचलेल्यांच्या आहेत. न पोचलेल्यांनी संस्था काढली नाही. डेटा सायन्सवाले ज्याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, तो हाच. त्यातून पुढच्या पिढ्यांना वाटायला लागतं की अशा दिवशी कामावर जाणं हीच मर्दुमकी.

तारा जमिनीखाली गेल्या, खाडा वरच राहिला

वादळाने शहर बदललं, हे खरं. तारा जमिनीखाली न्यायचा कायदा १८८४ मध्येच झाला होता, पण कंपन्या टाळाटाळ करत होत्या. वादळानंतर दबाव वाढला आणि १८८९ मध्ये महापौर ह्यू ग्रँट यांनी रस्त्यावरचे खांब तोडायलाच लावले. भुयारी रेल्वेचा प्रस्ताव आधीचे महापौर एब्रम हेविट यांनी वादळाच्या साधारण दीड महिना आधी मांडला होता. वादळाने त्याला जोर दिला, आणि २७ ऑक्टोबर १९०४ ला न्यूयॉर्कची सबवे सुरू झाली.

म्हणजे शहराने निष्कर्ष काढला की माणसं कामावर पोचू शकली नाहीत ही अडचण आहे, तर पोचायची सोय करा. चांगलंच केलं. पण माणसांना अशा दिवशी निघावंच का लागलं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला थोडा हात लागला ५० वर्षांनी. १९३८ मध्ये अमेरिकेत फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला. किमान वेतन, ओव्हरटाइम वगैरे त्यातलंच. हिमवादळाच्या दिवशी या कायद्याचे नियम कसे लागतात ते बघा, फार बोलकं आहे.

तुम्ही तासावर काम करत असाल, तर सरळ हिशेब : जितके तास काम केलं तितक्याच तासांचे पैसे. दुकान बंद ठेवलं तर तुमचा दिवस गेला. केंद्रीय कायदा यापलीकडे काही देत नाही.

तुम्ही ठरावीक पगारावरचे, ओव्हरटाइम न मिळणारे कर्मचारी असाल, बहुतेक आयटीवाले याच गटात, तर दोन शक्यता. कंपनीने एक दिवस ऑफिस बंद ठेवलं आणि त्या आठवड्यात तुम्ही थोडं जरी काम केलेलं असेल, तर पगार कापता येत नाही. पण ऑफिस उघडं आहे आणि तुम्हीच पोचू शकला नाहीत, तर पूर्ण दिवसाचा पगार कापता येतो, किंवा रजेतून दिवस वजा होतो.

आता परत तो मेसेज वाचा : "ऑफिस उघडं आहे." नुसती माहिती दिल्यासारखं वाटणारं हे वाक्य खाडा कोणाच्या नावावर लागणार ते ठरवतं. बंद म्हटलं तर खर्च कंपनीचा. उघडं म्हटलं तर तुमचा. सगळ्या कंपन्या असा हिशेब करून मेसेज टाकतात असं मी म्हणत नाही. पण डिफॉल्ट सेटिंग कोणाच्या बाजूने आहे, ते कळलं पाहिजे.

सोमवार, ६ फेब्रुवारी १९७८

आता बॉस्टन. १८८८ मध्ये अंदाज चुकला होता. १९७८ पर्यंत उपग्रह होते, कॉम्प्युटर होते, आणि मोठं वादळ येतंय हे सांगितलंही गेलं होतं. पण सकाळी सुरू होईल म्हटलेलं बर्फ वेळेवर आलंच नाही. लोकांनी खिडकीतून बघितलं, म्हणाले, "यांचं नेहमीचंच," आणि कामावर गेले.

मग बर्फ सुरू झालं. दुपारी सगळ्या ऑफिसांनी साधारण एकाच वेळी माणसं सोडली आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर आल्या. बॉस्टनभोवती रूट १२८ नावाचा महामार्ग आहे. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर कंपन्या याच रस्त्याच्या कडेने होत्या, म्हणजे आपल्याच धंद्याची माणसं. तिथे ३,००० हून जास्त गाड्या आणि शेकडो ट्रक बर्फात गाडले गेले. ऊब मिळावी म्हणून लोकांनी इंजिन चालू ठेवलं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि विषारी वायू गाडीत भरून १४ जण गेले. बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडलं, आणि ईशान्य अमेरिकेत सुमारे १०० मृत्यू झाले.

त्यानंतर गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी वाहनांवर बंदी घातली. जवळजवळ आठवडाभर. नॅशनल गार्ड बोलावले. गव्हर्नर स्वेटर घालून टीव्हीवर येऊन रोज सांगायचे : घरी थांबा. या आदेशात एक मोठी गोष्ट दडलेली होती. निर्णय माणसाच्या खांद्यावरून उतरला. सगळंच बंद असेल तर "तू का नाही आलास" हा प्रश्नच उरत नाही. फक्त हे गाड्या गाडल्या गेल्यावर झालं.

आपल्याकडे २६ जुलै २००५ ला नेमका हाच आकृतिबंध होता. मंगळवार, माणसं कामावर पोचलेली, आणि दुपारनंतर पाऊस. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच वेळेत ७५ च्याही खाली. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांना उपनगरांत काय चाललंय ते कळत नव्हतं. लोकल बंद, सगळे एकदम रस्त्यावर, गाड्यांत अडकून गुदमरलेली माणसं. नंतर आपण "मुंबई स्पिरिट" म्हटलं. अनोळखी लोकांनी एकमेकांना जेऊ घातलं, घरात झोपू दिलं, ते खरंच होतं. पण पुढे प्रत्येक पावसात हाच शब्द "लोक बघा कसे कामाला निघाले" यासाठीही वापरला जाऊ लागला. आपलेही ब्लिझर्ड मेन तयार झाले.

लवकर सांगितलं तर?

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कने शहाणपणा केला. दोन-अडीच फूट बर्फाचा अंदाज होता. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी आदल्या रात्रीच रस्ते बंद केले आणि सबवेही बंद ठेवली. बर्फामुळे सबवे पूर्ण बंद ठेवायची ती पहिलीच वेळ. आणि वादळ पूर्वेला सरकलं. सेंट्रल पार्कमध्ये १० इंचही भरलं नाही. मग काय, टीका, चेष्टा. हवामान खात्याच्या एका अधिकाऱ्याने तर जाहीर माफी मागितली.

म्हणजे निर्णय घेणाऱ्यालाही खाड्याची भीती असतेच. लवकर बंद केलं आणि काही झालं नाही, तर नाव जाहीरपणे खराब. उशिरा बंद केलं आणि माणसं मेली, तर "निसर्गापुढे कोणाचं काय चालणार!" या हिशेबात उशीर करणंच परवडतं.

त्याचा परिणाम दिसला बफेलो शहरात, डिसेंबर २०२२ मध्ये. इथे अंदाज चुकला नव्हता. पिढीत एखाद्या वेळी येणारं वादळ येतंय, हे हवामान खात्याने काही दिवस आधीच सांगितलं होतं. तरी वाहनबंदी लागू झाली शुक्रवारी, २३ तारखेला सकाळी साडेनऊला, आणि ती जाहीर झाली त्याच्या तासभरही आधी नाही. सकाळच्या शिफ्टची माणसं तोपर्यंत कामावर पोचली होती, रात्रपाळीची परतीच्या वाटेवर होती. ख्रिसमसच्या आधीचा शुक्रवार, दुकानांचा ऐन हंगाम. ३७ तास हिमवादळ चाललं, कित्येक तास रुग्णवाहिकाही पोचू शकत नव्हत्या. त्या एका काउंटीत ४७ माणसं गेली. कोणी घरात, कोणी रस्त्यावर, कोणी गाडीत. नंतरच्या चौकशी अहवालात बंदीच्या उशिरावर बोट ठेवलं गेलं.

तिन्ही वादळं एका ओळीत ठेवा. १८८८ : अंदाजच चुकला. १९७८ : अंदाज होता, विश्वास नव्हता. २०२२ : अंदाज होता, विश्वासही होता, निर्णय नव्हता. १३४ वर्षांत आपण आभाळ वाचायला शिकलो. "आज येऊ नका, पैसे कापणार नाही" हे वेळेवर म्हणायला मात्र अजून शिकलो नाही.

मग जायचं की नाही?

काहींना जावंच लागतं. नर्स, बर्फ उपसणारे, वीज दुरुस्त करणारे, गाड्या चालवणारे. १८८८ मध्ये गरीब घरं कोळसा बादलीने विकत आणायची, साठा नसायचाच. कोळसेवाला आला नाही तर ती घरं गारठायची. त्यामुळे "सगळ्यांनी घरी बसा" हे उत्तर पुरत नाही. पण कोणाला खरंच यावं लागणार हे वादळाआधी ठरवता येतं. त्यांची जाण्या-येण्याची, राहायची सोय करता येते, आणि जास्तीचे पैसेही देता येतात. उरलेल्यांना आदल्या रात्री सांगता येतं.

आपण लॅपटॉपवाले नशीबवान. रेड अलर्ट आला की पालिका खासगी कार्यालयांना घरून काम द्यायचं आवाहन करते आणि आपण चहा घेऊन लॉग-इन होतो. पण त्याच दिवशी आपण जेवण मागवतो, आणि ते घेऊन येणाऱ्या मुलाचा हिशेब १८८८ चाच आहे : ऑर्डर नाही तर पैसे नाहीत. तो ज्या पाण्यातून येतोय, ते पाणी आपण खिडकीतून बघत असतो.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. "अशा दिवशी कामावर जावं का" हा प्रश्न जाणाऱ्याला विचारणंच चुकीचं आहे. तो बोलावणाऱ्याला विचारायचा असतो. तू कधी सांगणार, आणि खाडा कोणाच्या नावावर लावणार? आपल्या एचआरला हे पावसाळ्याआधी विचारा, पाणी गुडघ्याला लागल्यावर नको. बर्फाच्या देशात असाल तर ऑक्टोबरमध्ये विचारा.

आणि हो, आपल्यातले बरेच जण स्वतःही बोलावणारे आहेत. घरी येणाऱ्या मावशींसाठी त्या दिवशीचं ऑफिस म्हणजे आपलं घर. पुढच्या वेळी रात्री रेड अलर्ट आला, की त्यांनी विचारायची वाट बघू नका. झोपण्याआधी एक फोन करा : "मावशी, उद्या येऊ नका. खाडा धरणार नाही."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसचा अशा दिवसांसाठीचा नियम काय आहे, आणि तो लेखी आहे का, हे मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर जपून!